यमुनाचं पुढं काय?

पडद्यावर लॉरी दिसली आणि प्रभुलिंगच्या हातातला भाकरीचा तुकडा आमटीत पडला.

लॉरीत तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. मुंबईच्या कुठल्याशा रस्त्यावर उभी करून तिला जुनी दिसेल असा रंग फासला होता, एवढंच. मागची ताडपत्री हलली, खालून एक हात बाहेर आला, मग यमुनाचं तोंड. कॅमेरा हळूहळू मागे सरकला तेव्हा दिसलं, की ती बाई गुळाच्या रव्यांवर, म्हणजे मोठ्या ढेपांवर, बसली आहे. मांडी घालून, पाय लुगड्यात घट्ट गुंडाळून. एवढं दाखवून 'मुक्काम माहेर'चा गुरुवारचा भाग संपला आणि साबणाची जाहिरात लागली.

"आण्णा," प्रभुलिंग थोरल्या भावाला म्हणाला, "ही आपली आक्का हाय."

राजशेखरनं ताटातून मान वर काढली नाही. ओळखायचं ते त्यानंही ओळखलं होतं. दोघा भावांच्या मागे, भिंतीला टेकून, त्यांची थोरली बहीण शिवगंगा शेंगा फोडत बसली होती. तिनं टरफलं पदरात गोळा केली आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. घरातल्या पोरी तिला आत्ती म्हणत, आणि पोरींचं ऐकून गल्लीही.

कडगाव्यांच्या घरात एक मेलेला माणूस होता, जो मेलेला नव्हता. शिवगंगाचा नवरा लग्नानंतर अकरा महिन्यांत पटकीनं गेला, असं सगळ्या शाहूपुरीला माहीत होतं. प्रत्यक्षात तो निपाणीकडच्या आपल्या गावात ठणठणीत जगला. त्यानं दुसरं लग्न केलं, तीन मुलं वाढवली आणि चार वर्षांपूर्वी म्हातारा होऊन गेला. त्याला अठ्ठावन्न सालीच मारून टाकलं होतं ते शिवगंगाच्या बापानं, सोमलिंग कडगाव्यांनी. नांदणं सोडून आलेली लेक घरात ठेवायची लाज वाटते, विधवा लेक ठेवायला वाटत नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता. त्याच वर्षी त्यांनी बिऱ्हाड कोडोलीहून उचलून शाहूपुरीत, गुळाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आणलं. तिथे विचारणारं कुणी नव्हतं. पुढे दुकान मार्केट यार्डात गेलं, पण घर आणि घरातलं खोटं जागच्या जागी राहिलं. शिवगंगा ज्या लॉरीतून घरी आली त्या लॉरीची गोष्ट तर घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. चालवणारा आकाराम ड्रायव्हर होता, तोही केव्हाच वारला होता.

आणि आता ती लॉरी अख्ख्या महाराष्ट्रानं बघितली होती.

"रविवारी चार वाजता वडगावची मानसं येनार हायत," प्रभुलिंग उठून येरझाऱ्या घालू लागला. त्याची बायको सहा वर्षांपूर्वी गेली होती, आणि मुलगी भूमिका हिचं लग्न हा एकच घोर त्यानं तेव्हापासून उराशी धरला होता. "त्यास्नी काय सांगू? आमची पोरगी भूमिका चांगली हाय, फक्त आमी पन्नास वर्सं लबाड बोलत आलोय?"

"शेहेचाळीस," राजशेखर म्हणाला.

प्रभुलिंगनं भावाकडे असं बघितलं, की राजशेखरनं स्वतःच फोन ओढून धाकट्याच्या हातात दिला. पलीकडून मुंबईत उचलला राजशेखरच्या लेकीनं, सौंदर्यानं. ती मालिका तिची होती.

*

तिची म्हणजे काय, हे मात्र घरात कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

सहा वर्षं सौंदर्या मुंबईत टीव्हीत होती. तिची आई गिरिजा सुरुवातीला गल्लीत 'डायरेक्टर' असं सांगायची. मग समोरच्या बाईंनी मालिकेच्या शेवटी दिग्दर्शक म्हणून भलत्याच माणसाचं नाव वाचलं आणि गिरिजाची पंचाईत झाली. ती टीव्हीला नाक लावून बसली तेव्हा तिसऱ्या दिवशी तिला दिसलं: 'मालिका प्रमुख – सौंदर्या कडगावे'. दिसलं आणि गेलं. प्रमुख म्हणजे शाळेत हेडमास्तर असतो तसं, असं तिनं ठरवून टाकलं. पण हेडमास्तर निदान घंटा तरी वाजवायला सांगतो. ही काय सांगत असेल?

रविवारी सकाळी सौंदर्या एस.टी. स्टँडवरून रिक्षानं आली. गिरिजानं दार उघडलं आणि पोरीच्या हातातली बॅगही न घेता विचारलं, "यमुनाचं पुढं काय हुतंय गं?"

"आई, आत तरी येऊ दे."

"मला न्हाई, समोरच्या बाई इचारत्यात."

"त्यांना सांग, गुरुवारी बघा."

सौंदर्याला गुरुवारचं स्वतःलाच माहीत नव्हतं. तिच्याकडे तयार भाग तीनच उरले होते. चित्रीकरण थांबलं तर गुरुवारी साडेसातला दाखवायला काही नसणार होतं. वरून चॅनलच्या भैरवीनं निक्षून सांगितलं होतं: यमुनाचा नवरा परत आणायचा, बायकांनी तिची ओटी भरायची आणि त्यानं तिला सासरी न्यायचं, दिवाळीपर्यंत. नाहीतर मालिका साडेसातवरून दुपारी दीडला जाईल. दुपारी दीडला मालिका जाणं म्हणजे काय, हे सौंदर्याला चांगलं माहीत होतं. तिथून परत कुणी येत नसे.

चहा झाला न झाला तोच प्रभुलिंग तिच्यासमोर स्टूल घेऊन बसला. राजशेखर दाराशी उभा राहिला. प्रभुलिंगची भूमिका, एम.कॉम. झालेली, संध्याकाळच्या साडीचा फॉल बघत असल्याचं नाटक करत कान देऊन बसली.

"मला एक सांग," प्रभुलिंग म्हणाला. "तू त्यात नटत न्हाईस."

"न्हाई."

"लिवायला यगळा मानूस हाय म्हनतीस. कॅमेऱ्याला यगळा. पैशेवाला यगळा. मग तू करतीस काय? आनि त्यातलं कायच तू करत न्हाईस तर आमच्या आक्काला तिथं न्हेऊन बसीवली कुनी?"

सौंदर्याला हसू आलं. काकानं रागानं विचारलेला प्रश्न तिला स्वतःला रोज सकाळी पडायचा.

"काका, शंभर माणसं काम करत्यात. प्रत्येकाला आपल्यापुरतं माहीत असतंय. नटीला आजचं माहीत, लेखकाला आठवड्याचं. ही गोष्ट कुठनं निघाली आणि कुठं चाललीय, ते एकाला तरी माहीत पाहिजे. ती मी. गेल्या महिन्यात थोरल्या भावाचं काम करणाऱ्याला कावीळ झाली. सकाळी आठला फोन आला. नऊपर्यंत मी त्याला बेळगावला पाठवला, त्याचं बोलणं वहिनीच्या तोंडी घातलं, आणि तो गेला म्हणून घरात भांडण लावलं. ते भांडण लोकांना इतकं आवडलं, की आता तो बरा झालाय तरी मी त्याला बेळगावातच ठेवलाय."

"बिचारा," गिरिजा आतून म्हणाली. "मला वाटलं त्यो धंद्यापायी गेला."

"म्हंजे अडत," राजशेखर एकदम बोलला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले. राजशेखर बोलण्यात कंजूष माणूस होता. सौद्याच्या वेळीसुद्धा मोजून चार शब्द बोलायचा.

"न्हवं, बघा की. ऊस शेतकऱ्याचा. गुऱ्हाळावर गूळ करनारा गुळव्या यगळा. घेनारा गुजरातचा. आपुन काय करतोय? ऊस लावत न्हाई, गूळ शिजवत न्हाई, खात बी न्हाई एवढा. पण आपुन मधी न्हाई तर सौदा निघत न्हाई." तो थांबला. "आनि माल खराब निघाला की दोन्हीकडच्या शिव्या आपल्याला."

सौंदर्या बापाकडे बघतच राहिली. सहा वर्षांत मुंबईत तिला हे इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. तिला फार बरं वाटलं, आणि ते तिच्या तोंडावर दिसलं.

"झालं," प्रभुलिंग म्हणाला. "आण्णा तिच्या बाजूला गेला. तुमीच सांगितलं असनार तिला लॉरीचं."

"मी? मला वाटलं तू."

"मी? मी पाच वर्साचा हुतो तवा! मला बाबानं मरताना सांगितलं. मग वयनीनं सांगितलं असंल."

"मला कोन काय सांगतंय या घरात," गिरिजा म्हणाली. "मला लॉरीचं गुरुवारी टीव्हीवर कळलं."

"मी सांगितलं."

आत्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला पोह्यांसाठी चिरलेल्या मिरचीचा वास, तो लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरलेले.

"दर गुरुवारी फोन करती ती मला. तिनं इचारलं, मी सांगितलं."

"आक्का, कशापायी?"

"इचारलं म्हनून." आत्तीला यात समजावण्यासारखं काही दिसत नव्हतं. "तू कदी इचारलंस?"

प्रभुलिंग त्याऐवजी पुतणीकडे वळला. "गाव कोकणातलं केलंस, धंदा भांड्यांचा केलास, नावं बदललीस. कुनाला पत्ता लागला नसता. मग लॉरी गुळाचीच कशाला?"

"लेखकानं सिमेंटची पोती लिहिली होती," सौंदर्या म्हणाली. "मी त्या दिवशी सकाळी गूळ मागवला."

"का?"

"सिमेंटवर बसलेली बाई नुसती बसलेली दिसत होती, काका. गुळावर बसलेली बाई पळून आलेली दिसली."

हे प्रभुलिंगला पटलं नाही, पण समजलं. त्यानं शेवटचा मार्ग काढला. यमुनाला अपघातात संपवून टाक, फोटोला हार घाल, विषय मिटला. ते होणार नसेल तर निदान आज पाहुण्यांसमोर कुणी तोंड उघडू नका. सौंदर्यानं मान हलवली. भूमिकेसाठी एवढं करणं तिला भाग होतं.

"आनि आक्का, तू?"

"मी कशाला बोलू?" आत्ती म्हणाली. "एवढी वर्सं बोललो व्हय?"

*

वडगावचे शेटे चाराच्या ठोक्याला आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई महादेवीबाई. 'शरणार्थी' म्हणत नमस्कार झाले, पाणी झालं. भूमिका पोह्यांच्या बशा घेऊन आली. मुलगा तिला पहिल्या भेटीतच आवडला होता. त्याला पुस्तकं आवडत, हे तिनं काढून घेतलं होतं, आणि बोलताना तो समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचा. तिच्या घरात ही चैन तिनं कधी बघितली नव्हती. आज फक्त महादेवीबाईंचा होकार यायचा होता. बाई गुळाच्या घरातल्या, गुळाच्या घरात दिलेल्या. वडगावात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही, असं प्रभुलिंगला दहा जणांनी सांगितलं होतं.

महादेवीबाईंनी बशी घेतली, भूमिकेकडे एकदा बघितलं आणि मान थेट पलीकडे वळवली.

"मुंबईची पोरगी ती हीच व्हय? त्ये 'मुक्काम माहेर' तुमीच काढतासा?"

"हो, काकू."

"मग मला सांगा, यमुनाचं पुढं काय हुतंय?"

प्रभुलिंगला ठसका लागला. भूमिकेनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"अजून ठरायचंय," सौंदर्या म्हणाली.

"ठरायचंय? आमी झोप घालवून बसलोय आनि तुमचं ठरायचंच हाय?" बाईंनी पोह्यांचा घास घेतला. "आमच्याकडं रोज सगळी बसत्यात. सासूबाई ऐकू येत न्हाई तरी बसत्यात. मानूस कसं बोलतंय, कसं चालतंय, सगळं खरं वाटतंय बगा. पण परवा तुमी चुकलासा."

"कुठं?"

"लॉरीत. गुळावर कोन बसतंय ओ?"

खाली रस्त्यावर टेम्पो मागे घेताना कुणीतरी ओरडत होतं, ते वरपर्यंत ऐकू आलं.

"अवो, आमच्यात रव्याला पाय लागला तर दोनी हात जोडत्यात. बारकं पोरगं बी बसत न्हाई. आनि ही एवढी शाणी बाई, मारवाडी दुकानातल्या गादीवर बसल्यागत गुळावर बसली! मी आमच्या ह्यास्नी म्हटलं, ही मालिका काढनारं कोन का असंना, त्याच्या घरात गूळ नसनार." त्यांना एकदम आपण कुठे बसलो आहोत याचं भान आलं. "तुमच्या घरात तर गूळच. मग कसं काय चुकलासा?"

भूमिका सौंदर्याकडे बघत होती. सकाळी लॉरीबद्दल बोलताना ताठ झालेला सौंदर्याचा चेहरा आता मऊ पडला होता. लेखकानं लिहिलं असं ती म्हणू शकली असती. नटीच्या अंगावरही ढकलता आलं असतं. मुंबईतली माणसं कुठे उलटतपासणीला येणार होती.

"चुकलंच, काकू," सौंदर्या म्हणाली. "माझीच चूक. मी बघायला पाहिजे होतं."

प्रभुलिंगनं इतका मोठा श्वास सोडला, की पाहुण्यांनाही ऐकू गेला. भूमिकेला मात्र कसंतरीच झालं. माझ्यासाठी ही हे बोलतेय, तिला वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं तांब्या उगाचच आत न्यायला उचलला.

दारात आत्ती होती. चहाचा ट्रे तिनं आणला होता, आणि तो तिनं मधल्या टेबलावर इतका सावकाश ठेवला, की कपातला चहा हललासुद्धा नाही.

"तिची चूक न्हाई," ती म्हणाली.

"आक्का," प्रभुलिंग म्हणाला.

"थांब रे. माज्यापायी पोरीनं आपल्या कामाला नाव ठिवून घ्यायचं? ती त्यातली मुख्य हाय." आत्ती महादेवीबाईंच्या समोर खुर्चीच्या कडेवर बसली. पाहुण्यांसमोर ती या घरात पहिल्यांदाच बसत होती. "बाई, जागाच न्हवती ओ. फळ्यापास्नं फळ्यापातुर रवं लावल्यालं. हुबं ऱ्हायाला उंची न्हाई, वर ताडपत्री. मग मांडी घातली. तळवं वर केलं, लुगड्यात बांदलं. निपाणीपास्नं हितवर तशीच. गुडघं मोडून गेलं, पण पाय लागू दिला न्हाई."

महादेवीबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"केबिनमंदी बसायचं की," त्या हळूच म्हणाल्या.

"आकाराम म्हनलाच, म्होरं बसा म्हनून. पण कागलच्या नाक्यावर दीर हुबा ऱ्हानार, मला ठावं हुतं. म्होरं बसलो असतो तर दिसलो असतो."

"दीर? म्हंजे… मालक…"

"जिता हुता. परवा परवा गेला. नातवंडं बगून."

राजशेखरनं डोळे मिटले. प्रभुलिंग भिंतीवरच्या बापाच्या फोटोकडे बघत होता, जणू आता उत्तर त्यानंच द्यायचं. मुलाचे वडीलही बशी खाली ठेवून बसले.

महादेवीबाई पुढे झुकल्या. आवाज खाली आला. "मारत हुता?"

"न्हाई ओ. मारलं असतं तर बरं. बाबाला सांगाया तरी आलं असतं." आत्तीनं हाताचा मिरचीचा वास उगाच पदराला पुसला. "बोलायचा न्हाई. अकरा म्हयने. भाकरी वाढली की जेवायचा, उटून जायाचा. तू जेवलीस का, मेलीस का, कायबी न्हाई. रागानं सुदीक बोलला न्हाई. एक दिस मीच मोठ्यांदी बोललो एकटी, म्हटलं आवाज हाय का ग्येला बगावं. मग भ्यालो, आनि दुसऱ्या दिशी लॉरी थांबीवली."

भूमिकेच्या हातात तांब्या तसाच होता. तिनं मुलाकडे बघितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. त्यानं आत्तीचं वाक्य पुरं होऊ दिलं.

महादेवीबाईंनी चहाचा कप उचलला, एका दमात संपवला आणि खाली ठेवला. मग प्रभुलिंगकडे वळल्या. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता.

"पावणं, एक सांगतो. खोटं बोललासा, त्ये मला आवडलं न्हाई."

"व्हय," प्रभुलिंग म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

"पण आमच्या घरात येऊन तुमच्या लेकीला आसं काय झालं, तर तिला लॉरीत लपून जायाची पाळी येनार न्हाई. येष्टीनं जाऊ दे. खिडकीची जागा धरून, दिवसाउजेडी. डबा मी करून देतो."

हा होकार आहे, हे समजायला प्रभुलिंगला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याला काय करावं ते सुचेना, म्हणून तो सगळ्यांच्या रिकाम्या बशा गोळा करू लागला. आयुष्यात पहिल्यांदा. गिरिजानं त्या त्याच्या हातातून काढून घेतल्या.

जिना उतरताना महादेवीबाई सौंदर्यापाशी थांबल्या. "आता तरी ऐका. त्या यमुनाला नवऱ्याकडं धाडू नगासा."

*

पाहुणे गेले आणि घर एकदम मोकळं वाटू लागलं. भूमिका नि गिरिजा समोरच्या बाईंना बातमी द्यायला गेल्या. प्रभुलिंग आपल्या खोलीत जाऊन आडवा झाला. राजशेखर गॅलरीतल्या खुर्चीत बसला होता. आत त्याची बहीण आणि त्याची लेक ओट्यापाशी बोलत होत्या, ते त्याला ऐकू येत होतं, आणि ऐकू येत नसल्याचं सोंग करायची गरज आज त्याला वाटली नाही.

"आत्ती, एक राहिलं," सौंदर्या विचारत होती. "लॉरी दुकानाशी थांबली. मग?"

"मग बाबानं ताडपत्री काडली."

"एकटेच होते?"

"हमाल यायचं हुतं. सकाळी सकाळी. मला बगितलं त्यानं. मी बी बगितलं." आत्ती थोडी थांबली. "त्यानं आदी रव्याला हात जोडलं. मग म्हनला, 'पाय लागला न्हाई न्हवं?'"

"आणि?"

"त्येवढंच. उतरलो मी. परत त्यानं कदी त्यो इषय काडला न्हाई, मी बी न्हाई."

राजशेखरला आपला बाप आठवला, आणि भयंकर राग आला. आणि मग, त्या रागाच्या मागोमाग, दुसरंच काही आठवलं. तो उठून स्वयंपाकघरात गेला.

"त्या साली घरात अख्खा रवा हुता," तो म्हणाला.

दोघी त्याच्याकडे बघू लागल्या.

"मी बारा वर्साचा. एरवी बाबा घरात फुटका माल आनायचा, न्हाईतर काळा. चांगला रवा घरात कदी आला न्हाई. त्या साली एक पिवळाधमक, न फुटल्याला, त्या कोपऱ्यात ठेवला हुता. आई म्हनली, ह्यो इकायचा न्हाई? बाबा न्हाई म्हनला. वर्सभर आमी त्योच खाल्ला. च्यात, पोळीत, सगळ्यात. आक्का, त्यो तुजा रवा हुता व्हय?"

"व्हय." आत्तीला तो चांगला आठवत होता. "मी बसलो म्हनून बाटला. गिऱ्हाइकाला कसा द्यायचा, म्हनून आनला असंल घरात."

"बाटल्याला असता तर आमाला खाऊ घातला असता? सवता खाल्ला असता? त्येच्या च्यात त्योच की."

"मग कशाला आनला?"

आत्ती सौंदर्याकडे वळली. तिच्या तोंडावर दुःख नव्हतं. गुरुवारचा भाग संपल्यावर सगळ्यांच्या तोंडावर असतं, तसं उघडं कुतूहल होतं.

"शेहेचाळीस वर्सं मला त्ये कळलं न्हाई. इकला न्हाई, त्यो राग का माया? तू सांग. परमुख तू हाईस न्हवं?"

रोज सौंदर्या तीस पात्रांचं ठरवत असे. कोण जगणार, कोण बेळगावला जाणार. बापानं तो रवा मायेनं आणला असं दाखवलं असतं, तर चॅनलला रडूही मिळालं असतं आणि साडेसातची वेळही वाचली असती. पण समोर आत्ती उभी होती.

"मला नाही ठरवता येत गं," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. भैरवी होती. सौंदर्या तिथेच, ओट्याला टेकून बोलू लागली.

"नाही, नवरा येत नाहीये. … हो, कळतंय. दीडला टाका मग. जबाबदारी माझी, तसं लिहून देते. … पुढे बाप तो गूळ विकत नाही, घरी आणतो. … का आणतो, ते तो कुणाला सांगत नाही. … नाही, प्रेक्षकांनाही नाही. यमुनालासुद्धा कळत नाही."

पलीकडून भैरवी काहीतरी मोठ्यानं विचारत होती. सौंदर्यानं फोनवर हात ठेवला.

"आत्ती, ती विचारतेय, मग यमुना काय करते?"

आत्तीनं त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे आता गॅसची टाकी होती.

"खाती की," ती म्हणाली. "लै गोड हुता."